वाईट रिपोर्टसाठी नवस

थायरॉइड झालाय असं सांगितलं की समोरची बाई हमखास म्हणते, "अगं, मलाही आहे," आणि पुढे भाजीचा विषय निघतो. तिचंही काही चुकत नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नंतर काही वेळ चहाला बंदी, अधूनमधून रक्त तपासायचं. याला आजारपण म्हणायला मलाच संकोच वाटायचा. असल्या आजाराला भेटायला कुणी शहाळं घेऊन येत नाही. पण याच किरकोळ दुखण्याने मला मध्यंतरी असं काही घाबरवलं, की मी चक्क वाईट रिपोर्टसाठी नवस बोलले. तुमच्यापैकी कुणी डॉक्टरांसमोर बसून "अहो, मी खरं सांगतेय" असं परत परत म्हणत असेल, तर तिने हे वाचावं. इलाज मला विचारू नका. मी मराठी शिकवते, औषधं देत नाही.

देवाक दाखव

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. लग्न झालं तेही त्याच चाळीत. दिलीप वरच्या मजल्यावर राहायचा, त्यामुळे माझी पाठवणी म्हणजे एक जिना चढणं एवढीच झाली. मी एकुलती एक. बाबा गेले तशी आई, आईची खोली आणि आईचा देव्हारा असं सगळंच माझ्याकडे आलं.

आई मालवणकडची. उभी हयात मुंबईत काढली, पण बोलणं तिने बदललं नाही. तिचा घरातला एकच कायदा होता: घरात आलेली कुठलीही वस्तू आधी देवापुढे जायची. पहिला आंबा, नव्या बांगड्या, बाबांची गिरणीतल्या बोनसची पाकिटं, माझे निकाल. एकदा तर दिलीपचे नवे बूट तिने खोक्यासकट देव्हाऱ्याखाली ठेवले होते. बाबा तिला चिडवायचे, "देवाक वास घेव दे, पण पोटात माझ्याच जाव दे हां."

मला थायरॉइडचं निदान झालं तेव्हा मानसी, माझी मुलगी, शाळेत होती. केस मूठमूठ गळत होते, पाय सुजले होते, आवाज जाड झाला होता आणि वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या मला पेंग यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल." त्या 'आयुष्यभर'ने मी गारठले. घरी येऊन खाटेवर बसले आणि रडले. खाली रस्त्यावर मिरची कांडत होते, तिचा ठसका वरपर्यंत येत होता, त्यामुळे रडायला निमित्तही बरं मिळालं.

आईने माझ्या हातातली गोळ्यांची बाटली घेतली. "आण हयसर. आधी देवाक दाखव." झाकणाला हळदकुंकवाचं बोट लावून तिने ती देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "रोज आंघोळ झाली की दिवो लावूचो आणि गोळी घेवची. देवाचा विसराक होणा नाय, तर गोळयेचा कसा विसरात?"

आणि खरंच, मी कधी विसरले नाही. बाटली तिथेच राहायची. संपली की नवी यायची, तिलाही हळदकुंकू. सगळी वर्षं माझे रिपोर्ट छान यायचे. गोळी घेतल्यावर मला चहा चालायचा नाही, म्हणून दिलीपही थांबायचा. शिवडीच्या गोदामात पहिल्या पाळीला जाणारा माणूस, पण चहाचं आधण तोंडासमोर उकळत असताना कप हातात धरून बसायचा. मी म्हणायचे, "तू घे रे." तो म्हणायचा, "एकट्याने काय प्यायचा?" आजारपणात मिळालेल्या सुखांत मी हे पहिलं लिहीन.

आईचा दिवा

आईला नंदादीप लावायचा होता. रात्रंदिवस तेवणारा, न विझणारा दिवा. पण चाळ होती लाकडी. बाबा म्हणायचे, "दिवो पेटतो ठेवन झोपलस, तर देव आपल्याकडे येवचो नाय, आपणच देवाकडे जातलाव." त्यामुळे चाळीत सकाळ-संध्याकाळ एक निरांजन, तेही शांत झाल्याशिवाय आई तिथून हलायची नाही. "माझा शिमिटाचा घर झाला की मी नंदादीप लावतलंय," असं ती म्हणायची.

सिमेंटचं घर झालं, पण आई ते बघायला राहिली नाही. नवी इमारत बांधायला चाळ पाडली आणि आम्हाला शिवडीच्या बाजूला तात्पुरत्या खोल्या दिल्या. तिथेच आईला विसर पडायला लागला. आधी नावं गेली. दिलीपला ती माझ्या बाबांच्या नावाने हाक मारायची. मग जेवल्याचं विसरायला लागली, मग मला. एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने, परक्या मुलीची चौकशी करावी तसं विचारलं, "तू कोणाचा चेडू गो?"

मी तिची वेणी पुरी केली आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

एक गोष्ट मात्र तिच्या हाताने शेवटपर्यंत सोडली नाही. बिस्कीट द्या, गोळी द्या, ती आधी तळहातावर घेऊन भिंतीकडे धरायची आणि मग तोंडात टाकायची. त्या खोलीत देव्हारा दुसऱ्या बाजूला होता. पण लालबागच्या खोलीत तो ज्या बाजूला होता, त्याच बाजूच्या कोऱ्या भिंतीला ती दाखवायची. आम्ही तिला कधी सुधारलं नाही.

नव्या इमारतीत आलो तेव्हा आम्ही उंच मजल्यावर, वाऱ्यात. मानसीने स्वयंपाकघराच्या कपाटांतच देव्हाऱ्यासाठी एक सुरेख कोनाडा करून घेतला होता. वाऱ्याने दिवा जाऊ नये म्हणून काचेचं दार, धूर जायला वर जाळी. आईचे देव त्यात बसवले आणि पहिल्याच दिवशी मी नंदादीप लावला. काचेची चिमणी, पितळी समई, तुपाची वात. तो पेटला तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "घे गो आई, तुझो दिवो." त्या दिवसापासून मी त्याला विझू दिलेलं नाही. गणपतीशेजारी माझी बाटलीही तिच्या जागी गेली.

राहिलेलं नाव

वर्गात मी हजेरी पुस्तक न उघडता घेते. मुलांना आधी ती जादू वाटते, मग ती मला चुकवायचे प्रयत्न करतात, जागा बदलून बसतात, पण मी चुकत नाही. चुकत नव्हते.

नव्या घरात आल्यावर पुढच्या वर्षी एका सकाळी मी भराभर नावं घेत होते आणि मध्येच थांबले. तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती. मला तिचं घर माहीत होतं, तिची आई रे रोडला लाकडाच्या वखारीत हिशेब बघते हे माहीत होतं, तिला 'श' आणि 'ष' लिहिताना काय गोंधळ होतो तेही माहीत होतं. नाव येईना.

"बाई, मी राहिले," ती म्हणाली. "सानिका."

"माहितीये गं. तुझी परीक्षा घेत होते," मी म्हटलं. मुलं हसली. मी घंटा होईपर्यंत शिकवलं, पण काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: आईचंही नावांपासूनच सुरू झालं होतं.

केस पुन्हा गळायला लागले होते. भर उन्हात मला गार वाटायचं. रक्त तपासलं तर आकडा पार वर गेलेला, म्हणजे गोळी पुरत नव्हती. मला इतका विश्वास होता माझ्या गोळीवर, की मी लॅबलाच दोष दिला आणि दुसरीकडे रक्त दिलं. तिथेही तेच. मग मानसीने दादरच्या एका मोठ्या स्पेशालिस्टची वेळ घेतली.

"रिपोर्ट खोटं बोलत नाही"

डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि घाईत होते. त्यांनी गोळी वाढवली. नवी बाटली आली. पहिले काही आठवडे मला तरतरी आली, इतकी की छातीत धडधडायला लागलं. मग पुन्हा सगळं मंदावलं. रिपोर्ट वाईट. त्यांनी आणखी वाढवली. पुन्हा तेच.

"डॉक्टर, बाटली नवी असते तेव्हा मला बरं वाटतं, आणि ती संपत आली की वाईट," मी दुसऱ्यांदा सांगितलं.

ते हसले. "मॅडम, बाटली नवी-जुनी असल्याने काही होत नाही. पहिल्यांदा उत्साहाने आपण नियमित घेतो, मग चुकायला लागतात. खूप कॉमन आहे."

"माझी एकही चुकत नाही."

"मॅडम, रिपोर्ट खोटं बोलत नाही."

"मीही बोलत नाही, डॉक्टर."

माझा आवाज चढला होता. पंचवीस-तीस वर्षं पोरांना गप्प करायला वापरलेला आवाज तो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघणं सोडून मानसीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरात कुणाला विसरण्याचा त्रास होता का?"

मानसीने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "माझ्या आईला."

त्यांनी ते फक्त लिहून घेतलं. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी गोळी अजून वाढवायचं म्हटलं, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. "धडधडीने मरेन मी." शेवटी असं ठरलं की तीच गोळी ठेवायची, पण रोज सकाळी मानसीने समोर उभं राहून मला ती घ्यायला लावायची आणि मग पुन्हा रक्त तपासायचं.

पहारा

आपल्याच पोटच्या पोरीसमोर जीभ बाहेर काढून गोळी गिळल्याचं दाखवावं लागणं, हे ज्याचं त्याला कळतं. मानसी बिचारी चेष्टेवारी न्यायची. "चला बाई, हजेरी!" म्हणत माझ्यासमोर उभी राहायची. मी हसायचे, आणि आत चिडायचे. एकदा मी विचारलं, "तुझा विश्वास नाही का गं?"

"आहे ना गं." तिने लगेच फोनमध्ये डोकं घातलं.

दिलीपनेही एकदा चहा गाळता गाळता विचारलं, "सुमन, काल संध्याकाळी गॅस तूच बंद केला होतास ना?" साधा प्रश्न. मी त्याच्यावर अशी ओरडले की त्याच्या हातातली गाळणी पडली. मग मी रडले, आणि तो खाली बसून चहापत्ती गोळा करत राहिला. घरात आम्ही तिघंही एकच गोष्ट मनात धरून होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

माझं गणित सरळ होतं. आता पहारा आहे, म्हणजे गोळी चुकणं शक्यच नाही. रिपोर्ट चांगला आला, तर त्याचा अर्थ इतके दिवस मी गोळ्या विसरत होते, आणि विसरतेय हेही मला कळत नव्हतं. म्हणजे मी आईच्या वाटेवर निघालेय. रिपोर्ट वाईट आला, तर आजार आहे, पण डोकं माझं आहे.

रक्त देऊन आले त्या संध्याकाळी मी शाळेतून घरी न जाता प्रभादेवीला गेले. गणपतीसमोर हात जोडले आणि म्हटलं, "देवा, रिपोर्ट वाईट येऊ दे. एकवीस मोदकांचा नैवेद्य करीन." शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. मी मनात म्हणायचं ते मोठ्याने म्हटलं होतं. ती सरकून उभी राहिली.

झाकणावरचं कुंकू

रिपोर्ट वाईट आला. आधीपेक्षा वाईट. मानसीचा चेहरा पडला आणि मी तिला कडकडून मिठी मारली. माझी अकलेशी फारकत झाली असं तिला त्या क्षणी नक्की वाटलं असणार.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मानसीकडे बघितलं. "तुमच्यासमोर घेत होत्या?"

"रोज. एकही दिवस सोडला नाही."

पहिल्यांदाच ते घाईत दिसले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि मला म्हणाले, "बाटली आणलीय का?"

आणली होती. मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी उचलली आणि बोटांकडे पाहिलं. तुपाचा चिकटपणा लागला होता. झाकणावर कुंकवाचा जुना थर होता, लेबल पिवळं पडून कडेला वळलं होतं आणि एका बाजूला काजळीचा हात फिरला होता. त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"ही देवापाशी असते?"

"पहिल्यापासून."

"आणि दिवा?"

"नंदादीप आहे. अखंड." आणि मग, का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. लाकडी चाळ, बाबांची भीती, आईचं राहून गेलेलं, काचेचं दार. ते ऐकत होते. कोनाडा किती मोठा, दार बंद असतं का, बाटली दिव्यापासून किती लांब, असं एकेक विचारत होते. मी हात लांब करून दाखवलं. वीतभरही नव्हतं.

"मॅडम, ही गोळी उष्णतेला फार नाजूक," ते म्हणाले. "तुम्ही रोज घेताय. पण रात्रंदिवस दिव्याशेजारी बंद काचेत राहून तिच्यात औषध किती उरत असेल, मला शंका आहे. नवी बाटली असताना तुम्हाला बरं वाटायचं, असं तुम्ही म्हणाला होतात."

"दोनदा म्हणाले होते."

"दोनदा," त्यांनी मान्य केलं. "मी प्रत्येक वेळी विचारलं, घेता का. ठेवता कुठे, हे विचारलंच नाही. सॉरी."

माझी तोंडावर आलेली सगळी भांडणं तिथेच विरली. मी विचारलं, "म्हणजे दिवा विझवायचा?"

"छे! दिवा राहू दे. बाटली हलवा."

त्यांनी पुन्हा सुरुवातीची, कमी ताकदीची गोळी लिहून दिली. नवी बाटली, थंड कपाट, आणि ठरलेल्या वेळी रक्त.

बाहेर पडलो तर दादरचा फुलबाजार भरात होता. केसांत माळायला मी अबोलीचा वळेसर घेतला. आईला आवडायचा. मानसी माझ्या दंडाला धरून चालत होती आणि मध्येच भर गर्दीत थांबली. "आई, मला वाटत होतं की तुझं आजीसारखं..."

"मलाही वाटत होतं."

एवढंच बोललो आणि दोघी रडलो. फुलवाला म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा ना, रस्ता अडतोय." आम्ही बाजूला होऊन रडलो.

तळहातावर

पुढच्या रिपोर्टात आकडा खाली आला, त्याच्या पुढच्यात जागेवर. नवस फेडायला मी मोदक केले. डॉक्टरांनाही नेऊन दिले. "कशाचे?" त्यांनी विचारलं. "माझा तो रिपोर्ट वाईट आला त्याचे," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही, पण मोदक त्यांनी तिथेच खाल्ला.

डॉक्टरांशी जरूर वाद घाला, एवढंच मी सांगेन. पण वाद घालून परत त्यांच्याकडेच जा, आणि जाताना बाटली घेऊन जा. मी मनानेच गोळ्या बंद केल्या असत्या, किंवा रागाने जायचंच सोडलं असतं, तर आजही मी स्वतःला आईच्या वाटेवरची समजून घाबरत बसले असते.

वर्गात मी पुन्हा पुस्तक मिटून हजेरी घेते. सानिका आता वरच्या वर्गात गेली. जिन्यात दिसली की मी तिला उगाच पूर्ण नावाने हाक मारते. ती म्हणते, "बाई, मी काही केलं नाही!"

आणि कधी तरी विसर पडेलही. वय होईल, आईचं रक्त आहे. ती भीती पुरती गेली असं मी म्हणणार नाही. पण आज डोकं माझं आहे, एवढं मला पुरतं.

बाटली आता आतल्या खोलीत, साड्यांच्या कपाटात असते. सकाळी आंघोळ झाली की मी त्यातली एक गोळी तळहातावर घेते आणि स्वयंपाकघरात येऊन काचेचं दार उघडते. दिवा तेवत असतो. दिलीप रिकामा कप घेऊन मागे बसलेला असतो. आई धरायची तसा मी हात देवापुढे धरते, आणि मला तिचा प्रश्न ऐकू येतो. तो मला हवाही असतो. शिवडीच्या त्या खोलीत, तिची अर्धी वेणी हातात असताना, ज्याला मला उत्तर देता आलं नव्हतं तोच.

तू कोणाचा चेडू गो?

"तुझाच, आई," मी म्हणते. "मी विसरूक नाय."